झिंगलेल्या मेंढरांचा पंचनामा

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक मात्र मुद्दाम जपून ठेवलं आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ते आठवलं की अजूनही हसू फुटतं. दुसरं म्हणजे त्याचं श्रेय भलत्यानेच नेलं.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. वाटूरच्या बाजूला एका चौकीवर मी जमादार होतो. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलांमागे चालले. मी गुरांच्या बाजारात दलालांच्या मागे फिरून घासाघीस शिकलो, आणि सरकारी कागद उर्दूत असत म्हणून कचेरीतल्या एका पेशकाराची, म्हणजे कारकुनाची, उठबस करून उर्दू लिहायला शिकलो. शिपायाचा जमादार झालो तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर असायचा.

त्या काळी दारू विकायचा मक्ता लिलावात जात असे. आमच्याकडे त्याला गुत्ता म्हणत आणि घेणाऱ्याला गुत्तेदार. दारू सरकारी भट्टीतून शिक्का मारून यायची. गुत्तेदाराने ती विकायची, स्वतः गाळायची नाही, असा कायदा होता. आमच्या हद्दीतला गुत्तेदार पिढीजात दारूच्या धंद्यातला. दारूचा वास घेऊन मोहाची फुलं कुठल्या डोंगरातली ते सांगतो, अशी त्याची बढाई होती, आणि ती खोटीही नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडी एका गावातले पाच-सहा पिणारे एकदम आजारी पडले. पोटात आग, उलट्या, डोळ्यांपुढे धूर. जालन्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सांगितलं, दारूत काहीतरी तिखट घातलं आहे, आणखी चार दिवस प्याले असते तर एखाद्याची दृष्टी गेली असती.

दुसऱ्याच दिवशी गुत्तेदार चौकीवर हजर. खबर घेऊन आला होता.

"जमादारसाब, आपल्या हद्दीत चोरटी भट्टी चालू राह्यली. नाल्याच्या कडेला त्यो मेंढक्या उतरलाय ना पाल ठोकून, त्याच्याकडं बघा. माझ्या धंद्याचं सोडा, लोकं मरतील."

लोकांची काळजी करणारा गुत्तेदार मी त्याआधी पाहिला नव्हता. पण खबर आली की तपास करावाच लागतो. आधी मी आजाऱ्यांकडे गेलो. त्यांच्यात गावचा सुतार होता. हाताचा चांगला कारागीर, पण अलीकडे दुपार झाली की तासणी हातात थरथरायची. तो बाजेवर पडला होता आणि बायको उशाशी बसली होती.

"काय प्यालास?" मी विचारलं.

"ताक."

"ताक पिऊन डोळ्यांपुढे धूर येतो?"

"लई आंबट व्हतं साहेब."

बायको पदराआड हसली. बाकीच्यांनीही असंच सांगितलं. एकाने शिळ्या वरणाचं नाव घेतलं, एकाने नजर लागल्याचं. मला नवल वाटलं. मेंढक्या परमुलखातला माणूस, त्याचं नाव घ्यायला यांना कसली भीती? ज्याअर्थी हे कुणाला तरी वाचवत होते, त्याअर्थी तो मेंढक्या नसणार. पिणारा माणूस दोघांनाच वाचवतो, स्वतःला आणि आपल्या दुकानाला. दुकान बंद झालं तर संध्याकाळी जायचं कुठे, ही त्यांची खरी पोटदुखी होती.

हे मी बोलून दाखवायच्या आतच आबकारीचे इन्स्पेक्टर येऊन थडकले. इस्त्रीचे कपडे, हातात छडी, आणि बोलणं असं की पोलीस म्हणजे त्यांची छत्री धरणारा गडी. गुत्तेदारानेच त्यांना बोलावलं होतं. आम्ही पालावर गेलो. मेंढक्या हटकर धनगर, तीर्थपुरीच्या बाजारात लोकर विकणारा, पन्नाशीचा उंच माणूस. पालाची झडती घेतली. घोंगड्या, लोकर, एक चरखा, आणि चुलीजवळ झाकून ठेवलेलं एक मडकं. झाकण काढताच आंबूस भपकारा आला.

"मिल गया," इन्स्पेक्टर म्हणाले. "सडवा आहे हा." दारू गाळण्याआधी फुलं भिजवून आंबवतात, त्याला सडवा म्हणतात.

"साहेब, चिंचोक्याची खळ हाय ती," धनगर म्हणाला. "घोंगडीच्या ताण्याला लावायची. पिऊन बघा. चढली तर मला फाशी द्या."

"आम्हाला नाक आहे."

घोंगडीचं सूत कडक यावं म्हणून चिंचोके कुटून, शिजवून त्याची खळ लावतात. दोन-तीन दिवस राहिली की ती आंबते आणि घाण मारते. माझं बालपण असल्याच घोंगडीत गेलं होतं. मी मडक्यात बोट घातलं, चाटलं आणि सांगितलं, "खळच आहे."

"जमादार, आप पुलिस हैं, आबकारी नहीं," इन्स्पेक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा परिणाम मात्र उलटाच झाला. त्यांनी माझ्या वरच्या अमीनसाहेबांकडे तक्रार नेली आणि हुकूम आणला: धनगराला अटकेत ठेवा, तालुक्याच्या कोर्टात पाठवा. शिक्षा झाली तर दंड भरायला त्याच्याजवळ मेंढरांशिवाय काही नव्हतं. कळप लिलावात गेला असता, आणि लिलावात पहिली बोली कोण लावणार हे मला ठाऊक होतं.

कोठडीत धनगर स्वतःबद्दल चकार शब्द बोलला नाही. एकच विचारायचा, "मेंढरं कुठं बसली आज?"

ती बसली होती गुत्तेदाराच्या शेतात. मेंढरं रात्रभर रानात बसवली की जमिनीला उत्तम खत मिळतं. त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतात, आणि ते किती द्यायचं यावर दोन्हीकडून तासभर घासाघीस चालते. गुत्तेदाराने धनगरणीला सांगितलं, "बाई, तुझा धनी आत. मेंढरं कुठं फिरवतीस? बसव माझ्या रानात." धान्याचं नाव नाही. उपकारही झाले आणि खतही फुकट मिळालं. बाई एकटी पडली होती, काय करणार? धनगराशिवाय तिने कशीबशी मेखा ठोकल्या आणि वाघूर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, ताणून बांधलं.

सकाळी मी चौकीत दाढी करत होतो. बाई धापा टाकत आली.

"दादा, माझी मेंढरं उठंनात."

मी वस्तरा खाली ठेवला. "मेली?"

"मेली न्हाईत. घोरून राह्यलीत."

"काय?"

"आन् एडका बाभळीला टकरा देऊन राह्यला. बाभळ त्याला कोण वाटती ते देवाला ठावं."

मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. वाटेत पोलीस पाटलाला आणि दोन पंचांना उठवलं. शेतात पोचलो आणि पाहतो तो काय, सगळा कळप आडवा. काही मेंढरं पाय ताणून, काही एकमेकांवर डोकं टेकून. एक म्हातारी मेंढी चार पावलं चालायची, विचार करायची आणि बसायची. जाळं एका बाजूने सुटलं होतं. तिथून खुरांचा माग थेट कडब्याच्या गंजीपर्यंत गेला होता. कडबा विस्कटून गंजीखालचा खड्डा उघडा पडला होता, आणि खड्ड्यात मोहाच्या सडव्याने भरलेले रांजण. मेंढराला मोहाचं फूल गुळासारखं. वास लागल्यावर ती थोडीच ऐकणार होती? बाजूला नवसागराचा डबा होता. सडवा लवकर आंबावा म्हणून हा तिखट क्षार घालतात. गावकऱ्यांच्या पोटातली आग कुठून आली ते कळलं.

गुत्तेदार खड्ड्यावर कडबा ओढत होता. आम्हाला पाहून थबकला, पण गडी पक्का होता.

"बघा जमादारसाब, मी म्हन्लो न्हवतो? त्या मेंढक्यानं माझ्याच रानात पुरून ठिवलं. भलाई करायला गेल्तो, हे फळ मिळालं."

पाटील माझ्याकडे बघू लागले. मुद्दा अडचणीचा होता. रान त्याचं असलं तरी माल त्याचा हे कसं सिद्ध करायचं? इन्स्पेक्टर तर त्याच्या शब्दावर डोळे मिटून सही करणार. मला पालावरच्या अपमानाचा राग होताच, पण त्या सकाळी मी तो गिळला. बाजारात बैल घ्यायचा असला की त्याच्यावर रागवायचं नसतं. त्याला नावं ठेवायची असतात.

मी रांजणात हात घातला, मूठभर फुलं काढली आणि तोंड वाकडं केलं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "मेंढक्याचाच माल. जाणकाराने असला भिकार सडवा लावलाच नसता."

मी पाटलांकडे वळलो.

"पाटील, लिहून घ्या. माल हलका. पाणी जास्त, फूल कमी."

"पाणी कुठं जास्त हाय?" गुत्तेदार पुटपुटला.

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ, तुमचा थोडाच आहे? लिहा पाटील, लावणारा अगदी नवशिका. याला आंबवणं म्हणजे काय ते ठाऊक नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी फुलं नाकाजवळ नेली.

"आणि फूल गेल्या सालचं. बुरशी आलेलं. कुणीतरी फेकून दिलेलं उचललं असणार."

"गेल्या सालचं?" तो उसळला. "डोळे हायेत का काय तुम्हाला? ह्याच सालचं हाय, कवळं फूल. डोंगरात जाऊन मी स्वतः एक एक पोतं हुंगून..."

तिथे त्याचं तोंड उघडंच राहिलं. एक मेंढी घोरत होती, तेवढाच आवाज. पाटलांनी टाकाची शाई झटकली आणि शांतपणे विचारलं, "हुंगून घेतली, का आणली? काय लिहू?"

धनगरीण खाली बसून हसू लागली. मग पंच हसले, मग मीही, अर्ध्या दाढीनिशी.

इन्स्पेक्टर आले तोवर अर्धं गाव जमलं होतं. परिस्थिती पाहताच त्यांनी आवाज बदलला आणि जणू सापळा त्यांनीच लावला होता अशा थाटात मेंढरं मुद्देमाल म्हणून जप्त करायचा हुकूम सोडला. मुद्देमाल उठायला तयार नव्हता. ते छडीने एका मेंढीला ढोसायला वाकले, आणि बाभळीला कंटाळलेल्या एडक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. साहेब कडब्यात तोंडघशी पडले. या बाबीची मी कुठेही नोंद केली नाही. इथे पहिल्यांदा करत आहे.

सुतारही बाज सोडून बघायला आला होता. जीभ बाहेर टाकून पडलेल्या एका मेंढीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"मी बी असाच पडत असंल का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"न्हाई. मेंढरू शिव्या देत न्हाई."

त्यानंतर त्याने आपण होऊन जबाब दिला, बाटली दुकानातूनच आणली होती म्हणून. मग बाकीच्यांचं ताक आणि वरणही मागे पडलं. दुकानाला कुलूप लागलं. नवा गुत्तेदार येईपर्यंत काही महिने गेले, आणि त्या महिन्यांत सुताराचा हात दिवसभर स्थिर राहू लागला. पुढेही त्याने दारूला हात लावला नाही असं मी ऐकलं. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, शिक्क्याची दारू तरी बरी का? ते म्हणाले, शिक्का कायद्याला वाचता येतो, यकृताला येत नाही.

धनगराला सोडलं तेव्हा तो धावतच रानात गेला. मेंढरं नुकती उठून माना खाली घालून उभी होती. त्याने सगळ्या कळपावरून नजर फिरवली.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी पेलं न्हाई," तो म्हणाला, "आन् तुम्ही माझं नाव घालवलं."

गुत्तेदाराला शिक्षा झाली. वर गेलेल्या अहवालात माझं नाव नव्हतं. 'आबकारी इन्स्पेक्टरांनी चिकाटीने छडा लावला' असं त्यात होतं. त्यांना बढती मिळाली आणि चांगल्या गावी बदली झाली. मला अमीनसाहेबांनी पाठीवर थाप दिली. थापेवर घर चालत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्या वर्षीची माझी बढती का राहिली ते वाचकांनी ओळखावं.

पण या प्रकरणाने मला जे शिकवलं ते पुढे सगळ्या नोकरीत कामाला आलं. माणूस गुन्हा लपवतो, माल लपवतो, वेळ आली तर देवाची शपथ खोटी घेतो. आपल्या हातच्या कामाला कुणी हलकं म्हटलं की मात्र त्याला राहवत नाही. काठीने जे बाहेर निघालं नसतं ते नाक मुरडून निघालं. त्यानंतर चौकीत काठी कोपऱ्यातच राहिली.

शेवटचं एक सांगतो. पाल हलवायच्या आधी धनगरीण घोंगडी घेऊन चौकीत आली. भेट म्हणून. मी फुकट घ्यायला नकार दिला आणि किंमत विचारली. तिनेही मागेपुढे न बघता चढा भाव सांगितला. मी सवयीने घोंगडी उलटीपालटी केली.

"लोकर भरड आहे. वीण सैल. काठ तर..."

"म्हणा दादा, म्हणा," ती गालात हसत म्हणाली. "काय म्हणायचं ते म्हणून घ्या. मी त्या दिवशी रानातच व्हते."

धनगर दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. तिने मागितला तेवढा भाव मी मोजून दिला.

तो अहवाल कुठल्यातरी दप्तरात वाळवीने खाल्ला असेल. घोंगडी माझ्या बाजेवर आहे. लोकर बारीक आहे आणि वीण घट्ट.