समुपदेशनाला नेलेली भावकी

माणसाने खुशाल मूर्खपणा करावा, पण तो घरातल्या घरात. मी केला तो साताऱ्यात, भरल्या वेटिंग रूममध्ये, वर गाडीभर साक्षीदार नेऊन! हसा, हसा. चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर नंतर माझ्याच्याने सांगवणार नाही.

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परत आलो. घरी बायको सुनंदा आणि एकुलती एक लेक आर्या, आठवीतली. आपल्याला काय वाटतं? बाप कायमचा घरी आला म्हटल्यावर पोरगी उड्या मारेल! कसलं काय. मी खोलीत शिरलो की ही उठून उभी राहायची. मी "बस गं" म्हणेपर्यंत उभीच! पलटणीतल्या पोरांनीसुद्धा मला एवढा मान कधी दिला नव्हता. आणि खरं सांगू, त्या मानाने काळजात चर्र व्हायचं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. औषधं झाली, सोनोग्राफी झाली. पोटात काही नाही. एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मी कडेगावला मामाकडं ऱ्हाऊ का? तिथनंच शाळा शिकते."

मी समोरच बसलो होतो. विचारलं मात्र आईला. हातातला घास तसाच ताटात ठेवला मी.

शेवटी डॉक्टरांनी साताऱ्यातल्या एका मॅडमचा पत्ता दिला. म्हणाले, "पोटाचं दुखणं नाही हे. लेकीचं आणि तुमचं नातं जुळायला त्या मदत करतील. समुपदेशन म्हणतात त्याला. जाताना घरची माणसं सोबत घ्या."

झालं! इथेच माझी अक्कल गहाण पडली. तुम्हीच सांगा, आमच्याकडे घरात बिनसलं, कुणी घर सोडून निघालं, तर काय करतात? बैठक! भावकीतली शहाणी माणसं बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, चुकलेल्याचे कान उपटतात, वर चहा होतो आणि मिटलं. मला वाटलं, समुपदेशन म्हणजे शहरातली बैठक. निकाल मॅडम देणार. मग आपली बाजू मांडायला माणसं नकोत?

मी आमच्या चुलत्यांना, आबांना सांगितलं. आबांनी ट्रंकेतला फेटा काढला. त्यांनी माजी सरपंचांना सांगितलं. सरपंच आणखी दोघांना घेऊन आले. सकाळी अंगणात ही फौज बघून सुनंदा दारातच थबकली.

"आवं, हे काय?"

"घरची माणसं आणा म्हणलेत डॉक्टर."

"आबा घरचं हायेत. सरपंच कवापासनं घरचं झालं?"

"वजन पडतं गं."

ती आत गेली, आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात माहेरी फोन लावला. "दादा, ह्यांनी मानसं घेतल्यात. तुमी बी या!"

आम्ही साताऱ्यात पोचलो तर कडेगावची गाडी आधीच दारात उभी. मेव्हणा, त्याची बायको, दोन चुलत मेव्हणे. वेटिंग रूममध्ये एका भिंतीला आमच्याकडचे, दुसऱ्या भिंतीला त्यांच्याकडचे. आधीपासून बसलेलं एक जोडपं आमच्याकडे टकामका बघायला लागलं. आणि मधल्या खुर्चीत आर्या, दप्तर पोटाशी धरून.

मॅडम बाहेर आल्या. "आर्याचे आईबाबा कोण?"

मी उठायच्या आत आबा उठले. "आवं म्याडम, आदी वळख करून देतो."

सरपंचांनी तर भाषणच सुरू केलं. "आमचा पोरगा निर्व्यसनी हाय. देशाची सेवा केल्याली. पोरीवर कवा हात उचलला न्हाई."

मेव्हणा म्हणाला, "हात उचलायला तरी घरी पायजे हुता का न्हाई?"

"पाव्हणं, जपून बोला!"

"जपूनच बोलतोय. भाचीला आमी आज न्यायला तयार हाय."

"न्यायला? आमच्या घरची लेक हाय ती!"

तेवढ्यात आर्या उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. "आई, तुमी दोघं वेगळं व्हायला आलाय का? माझ्यामुळं?"

मी हात पुढे केला, सुनंदानेही केला. पोरगी आमच्या दोघांच्या मधून पळाली ती थेट बाथरूममध्ये, आणि आतून कडी.

आता मी काय करावं? दाराशी जाऊन दोन शब्द मायेने बोलावेत की नाही? पण माझ्या तोंडातून परेडचाच आवाज निघाला. "आर्या! बाहेर ये!"

आतून आवाज आला, "व्हय." कडी निघाली. आणि माझी लेक बाहेर येऊन ताठ उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सरळ मांड्यांना चिकटलेले. फौजेत एवढी वर्षं काढली, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मॅडमनी दोन्ही भिंतींना चहा प्यायला पाठवलं आणि आम्हा तिघांना आत घेतलं. आर्याला आधी म्हणाल्या, "कुणी वेगळं होत नाहीये." मग आमच्याकडे वळल्या. "इथे कोण चुकलं ते ठरवत नाहीत. लेकरू घाबरलं की कुणाकडे धाव घेतं, आणि तिथे त्याला थारा मिळतो का, ते आपण बघतो. आज ती कडी लावून बसली. हळूहळू तिला कुणाच्या तरी जवळ यावंसं वाटेल, यासाठी काम करायचं. कधी तिघांनी यायचं, कधी तुम्ही दोघांनीच. वेळ लागेल."

"म्हंजी निकाल कवा?" मी विचारलं.

"निकाल नसतो."

मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही लहानपणी घाबरलात की कुणाकडे जायचात?"

"आमी घाबरायचोच न्हाई," मी म्हणालो. मग बराच वेळ आठवत बसलो. एकही माणूस आठवला नाही.

"आत्ता करू काय मी?"

"रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसा. हुकूम नाही, अभ्यास विचारायचा नाही, उपदेश नाही."

घ्या! मग बापाने तोंड उघडायचं तरी कशाला?

निघताना मॅडम आर्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी कुणाला आणायचं ते तू सांग."

"आई," ती लगेच म्हणाली. मी फरशीकडे बघत राहिलो. कडेगावची गाडी बाहेर उभीच होती, आता मामाचंच नाव घेणार. मग ती हळूच म्हणाली, "आनि ह्यांना बी येऊ दे. गाडी कोन चालवनार?"

बाहेर सगळे वाट बघत होते. आबांनी फेटा सावरत विचारलं, "काय ठरलं रं? पोरगी कुनाची?"

"ते काय ठरलं न्हाई," मी छाती काढून म्हणालो. "पण आबा, मला ड्रायव्हर म्हणून घेतलंय!"