अर्व्हिनच्या रायफलीची मीठदाणी

माँटानातल्या त्या डोंगराळ गावात अर्व्हिन हाउगेनला ओळखत नाही असा माणूस नव्हता. बत्तीस वर्षं त्याने सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ हटवला होता आणि तेवढ्या काळात निम्म्या गावाच्या टपालपेट्या आडव्या केल्या होत्या. निवृत्तीनंतर त्याच्याकडे अभिमानाच्या दोनच गोष्टी उरल्या होत्या: बायको लव्हर्न आणि ‘तीनशे मॅग्नम’ नावाची दांडगी रायफल. त्यात पहिला नंबर कुणाचा, हे लव्हर्नने कधी विचारलं नाही. शहाणी बाई.

ही रायफल झाडली की खेचरासारखी लाथ मारायची. अर्व्हिनच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. एकदा गोळी झाडताना रायफलीवरच्या दुर्बिणीची कड तिथे येऊन बसली होती. कुणी विचारलं की तो सांगे, "बर्फाच्या गाडीत लागलं." खांदा दुखायचा, तोही बर्फाच्या गाडीमुळेच. बिचाऱ्या त्या गाडीने निवृत्तीनंतरही अर्व्हिनचं बरंच ओझं वाहिलं.

शिकारीच्या गेल्या मोसमात दीडशे पावलांवरच्या एल्कवरचा त्याचा नेम चुकला. घोड्याएवढं थोराड हरीण, उन्हात आडवं उभं. गोळी गेली ती शेजारच्या झाडात.

"वारा होता," अर्व्हिन म्हणाला.

"वारा?" त्याचा शिकारीतला जुना सोबती डेलमार म्हणाला. "अरे, माझ्या पाइपचा धूर सरळ स्वर्गात चालला होता!"

सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्च आटोपल्यावर, लव्हर्न त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर आली. "मी एकेक काडतूस देते, तू झाड," ती म्हणाली. बायकोला एवढं प्रेम अचानक कुठून आलं, याचा संशय अर्व्हिनला यायला हवा होता. आला नाही.

तीन गोळ्या झाडून झाल्या. चौथ्या काडतुसात दारूच नव्हती. अर्व्हिनने दस्ता खांद्याला लावला, श्वास रोखला आणि चाप ओढला. टिक्. आवाज एवढाच. पण अर्व्हिनचं अंग मात्र धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटल्यासारखंच वागलं. डोळे गच्च मिटले, खांदा पुढे गेला आणि नळीने जमिनीला वाकून नमस्कार केला.

लव्हर्नने तोंडातला सँडविचचा घास सावकाश चावून संपवला.

"वारा आला वाटतं," ती म्हणाली.

घरी परतताना अर्ध्या रस्त्यात अर्व्हिनने ट्रकचा वेग कमी केला. मग म्हणाला, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"सहा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं आणि त्या गाडीचं भांडण चालू होतं. मी कशाला मधे पडू?"

तिने त्याला दोन वाटा सुचवल्या. एक, लहान दणक्याची रायफल घ्यायची. अर्व्हिनने असं तोंड केलं, जसं काही तिने त्याला दुसरं लग्न करायला सांगितलं. दुसरी वाट म्हणजे मझल ब्रेक: नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचं एक भोकाभोकांचं नळकांडं. गोळीमागून धडाडत येणारा वायू ते बाजूंना सोडतं आणि रायफलीचा धक्का कमी करतं. आता पंचाईत अशी, की गेली वीस वर्षं अर्व्हिन आणि डेलमार त्याला "मीठदाणी" म्हणत आले होते. कुणाच्या रायफलीवर ते दिसलं की अर्व्हिन हमखास विचारायचा, "मिरपूड कुठे ठेवलीस?"

तरी बुधवारी तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या मार्लाच्या दुकानात गेला. ट्रक मागच्या गल्लीत उभा केला. लव्हर्न सोबत होतीच.

"त्या काडतुसाचं काम झालं ना?" मार्लाने लव्हर्नला हसत विचारलं.

"तूही त्यात होतीस?" अर्व्हिन म्हणाला.

"काडतूस मीच बनवलं. बसा." मार्लाने फडक्यावर तीन ब्रेक मांडले. "याला चहूबाजूंनी भोकं आहेत. दिसायला छान. पण तुम्ही पालथे पडून झाडता. खालच्या भोकांनी सगळी धूळ उडून तुमच्याच तोंडावर येईल. हा दुसरा, याच्या बाजूंना मोठ्या खाचा आहेत. धक्का सगळ्यांत कमी हाच करतो, पण शेजारच्या माणसाचे कान फोडतो."

"आणि तिसरा?"

"बाजूंच्या खाचा लहान, वर चार भोकं, खाली काही नाही. वरून वायू सुटला की नळी खाली दाबली जाते, उसळत नाही. धक्का दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त राहील. आवाज तिन्हींनी वाढणारच, कानांवर झाकणं घालावीच लागतील. शिकारीला शेजारी कोण असतं तुमच्या?"

अर्व्हिनने लव्हर्नकडे पाहिलं.

"मग मला काय विचारता? त्यांना विचारा," मार्ला म्हणाली.

अर्व्हिनचा हात दुसऱ्या ब्रेकवर होता. खांदा त्याच्याच बाजूने बोलत होता. क्षणभराने त्याने हात उचलला आणि तिसरा ब्रेक मार्लापुढे सरकवला. "हाच. मीठदाणी ती मीठदाणीच, निदान बायकोला ऐकू तर येऊ दे."

"तू बोलतोस त्यातलं काय ऐकायचं राहिलंय?" लव्हर्न म्हणाली, पण घरी गेल्यावर तिने त्याच्यासाठी रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून गोड ‘पाय’ केला.

मार्लाने नळीला आटे पाडले, भोकं बरोबर वरच्या बाजूला येतील असा ब्रेक बसवला. अर्व्हिनने चार दिवस मैदानावर जाऊन नेम नव्याने जुळवला. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी डोळे मिटत होता, चौथ्या दिवशी विसरला.

ऑक्टोबराच्या शेवटी शिकारीचा मोसम सुरू झाला. पहाट फुटता फुटता तिघं एका उतारावर पालथे पडले. खालच्या कुरणात नर एल्क आला. अर्व्हिनने कानांवर झाकणं चढवली, लव्हर्ननेही.

"कान झाक," तो डेलमारला कुजबुजला.

"त्या मीठदाणीसाठी?" डेलमारने नाक मुरडलं.

गोळी सुटली. नळी जेमतेम हलली, आणि अर्व्हिनला दुर्बिणीतून एल्क दिसत राहिला. चाळीस वर्षं तो शिकार करत होता, पण चाप ओढल्यानंतर त्याला दिसायचं ते आभाळ नाहीतर झाडांचे शेंडे. काय झालं ते दुसरं कुणीतरी सांगायचं. आज त्याने स्वतः पाहिलं: जनावर थरथरलं, चार पावलं चाललं, पुढचे पाय दुमडले आणि हळूच कुशीवर कललं.

"लागली का?" डेलमार दोन्ही कान धरून ओरडत होता. "अरे, लागली का?"

"लागली," अर्व्हिन म्हणाला. "मी पाहिलं."

तो लगेच उठला नाही. खाली गेल्यावरही एल्कच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. लव्हर्नने विचारलं, "खांदा?" त्याने नुसती मान हलवली. दुखत नव्हता, पण जनावर सोलायचा सुरा त्याने जरा उशिराच उघडला.

डेलमार दुपारपर्यंत प्रत्येक वाक्य दोनदा विचारत होता. पुढच्या सोमवारी अर्व्हिन मार्लाकडे ब्रेक साफ करायचं तेल आणायला गेला, तर मागच्या गल्लीत डेलमारचा ट्रक उभा.

"मेहुण्यासाठी बघतोय," डेलमार घाईघाईने म्हणाला. "त्याला जरा धक्का सोसत नाही."

"खांदा कुठला दुखतो मेहुण्याचा?" मार्लाने विचारलं.

डेलमारचा हात आपसूक स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला. अर्व्हिनने तेलाची बाटली उचलली आणि तो बाहेर पडला. त्याला सगळं गाव ओळखत होतं, पण ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. फक्त लव्हर्नला सांगितली, म्हणजे शुक्रवारपर्यंत ती सगळ्यांना कळली.