ग्रेगरी सरांनी जोडलेली तीन मशिन्स

गेल्या शनिवारी भुईगावला गेले होते, ग्रेगरी सरांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला. सर माझे पहिले सीनियर. ऑफिसातले मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या ऑफिसचं काम चालवणारे मोठाले कॉम्प्युटर सांभाळायला मला त्यांनीच शिकवलं.

मिस्सेनंतर सरांच्या घरी चहा घेताना मी त्यांच्या मिसेसना, मेरी आंटींना सांगितलं... सरांनी जोडलेली मशिन्स मंगळवारी कायमची बंद होणार. जवळपास सगळं काम नव्या सिस्टिमवर गेलंय.

आंटींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला बघायचीत."

मी कारण विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. मुलीच्या बाप्तिस्म्याला सर चर्चमध्ये नव्हते. मशिन्स जोडायचं काम नेमकं त्याच रविवारी निघालं होतं. मुलगी आता परदेशात असते, पण तो विषय घरात कधी मिटला नाही.

साहेबांची परवानगी काढली, व्हिजिटर पास केला. मंगळवारी सकाळी आंटी माझ्यासोबतच निघाल्या, दुखवट्याच्या काळ्या साडीत.

थंडगार खोलीत फ्रिजपेक्षा उंच अशी तीन कपाटं, तीच ती मशिन्स. "एवढंच?" आंटी म्हणाल्या.

मी समजावलं. मधल्या वर्षांत कपाटं बदलली, पण जोडणी सरांचीच. मशिन्स तीन, पण बाहेरच्याला एकच वाटतं... एक बंद पडलं तर त्याचं काम बाकीची दोन उचलतात.

तेवढ्यात पहिलं मशीन बंद केलं गेलं. उरलंसुरलं काम दुसऱ्या दोघांवर गेलं.

"कोणाला कळलं?"

"नाही आंटी. कुणालाच कळत नाही."

"ते नसले की आमच्याकडे कळायचं," त्या हळूच म्हणाल्या.

दुसरंही बंद झालं. शेवटचं सरांच्या हातून बंद करायचं असं आम्ही केव्हाचं ठरवलं होतं... आता सर नाहीत, म्हणून मी कमांड टाइप करून आंटींना म्हटलं, एंटर तुम्ही दाबा.

त्यांनी हात मागे घेतला. "नको. हे बंद पडावं म्हणून मी किती वर्षं देवाकडे मागितलंय. आता माझ्या हातून नको."

मीच दाबलं. थोड्या वेळाने मशीनमधल्या पंख्यांचा आवाज थांबला. आंटी कपाटाच्या दारावर तळहात ठेवून उभ्या होत्या, डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

अकरा वर्षं सरांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी त्यांना हजार प्रश्न विचारले... घरचा एकही नाही.