अधीक्षिका बाईंची दाढी

“जिला बघायचं तिनं आत्ताच बघून घ्यावं. फेस पुसला की तमाशा खलास!”

दर रविवारी सकाळी आमच्या वसतिगृहाच्या अंगणात ही दवंडी व्हायची. अधीक्षिका बाई लिंबाच्या फांदीला आरसा अडकवायच्या, स्टुलावर बसायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि गालाला, हनुवटीला साबणाचा फेस लावून निवांत दाढी करायच्या. रविवार म्हणजे मुलींची डोकी विंचरायची, नखं कापायची, पांघरुणं उन्हात टाकायची. बाईंची दाढी त्याच वेळापत्रकात बसलेली होती. लहान मुली पुढे मांडी घालून बसायच्या. नववी-दहावीच्या मुली मात्र धुणं धुवायचं निमित्त काढून लांबून बघायच्या.

मी तिथे गणिताची शिक्षिका म्हणून लागले. किनवट तालुक्यात, जंगलाच्या कडेला मुलींची निवासी शाळा. रेणापूरहून आई-बाबा मला सोडायला आले ते नेमके रविवारी. बाबांनी फेस पाहिला, साडी पाहिली नाही. ते लांबूनच म्हणाले, “जय भीम, साहेब.” तिकडून भरदार आवाजात उत्तर आलं, “जय भीम! बसा, एक गाल राहिलाय.” बाबा एवढे ओशाळले की चहा पिताना त्यांनी मान वर केली नाही.

आई मात्र माझ्याकडे बघत होती. कारण मलाही येत होती.

बाईंएवढी नाही, पण यायची. कॉलेजात असल्यापासून ओठावर, हनुवटीवर, गळ्यावर काळे राठ केस. रोज पहाटे उठून दाराला कडी लावायची आणि चिमट्यानं एकेक उपटायचा, हा माझा नित्यनेम. करोनात सगळ्या जगाला मास्क लावायला लागला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, हे मी आज कबूल करते. सगळ्यांनी काढला तेव्हा मी काढला नाही. धुळीची ॲलर्जी आहे असं सांगत राहिले. जेवायच्या पंगतीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. मुलींनी आठ दिवसांत माझं नाव ‘मास्क मॅडम’ ठेवलं.

एक स्थळ आधीच हातचं गेलं होतं. मुलाच्या आत्यानं भर बैठकीत माझी हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली होती. आता लातूरचं दुसरं स्थळ चालत आलं होतं. आईनं मला शाळेत सोडताना बजावलं, “लग्न लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. त्या बाईपासून चार हात लांब राहा.”

लांब कसली राहणार? आमच्या खोल्यांची भिंत एकच होती. तरी महिनाभर मी निभावून नेलं. मग एके दिवशी तिसरीतल्या एका पोरीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती किंचाळत होती, बाई ओरडत होत्या, “अगं, चिमटा आणा कुणीतरी!” आणि मी शहाणी, कसलाही विचार न करता पळत जाऊन माझा चिमटा घेऊन आले. काटा एका झटक्यात निघाला. बाईंनी चिमटा उलटासुलटा करून पाहिला, टोक अंगठ्यानं तपासलं, मग माझ्या मास्ककडे पाहिलं.

“लई भारी चिमटाय, म्याडम. रोज कुणाचे काटे काढून राहिल्या?”

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या खोलीत आल्या, स्वतःच दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “उपटून उपटून किती उपटशील, पोरी? कातडं लाल करून घेतलंस. केस हायेत ते. तू काय चोरी केलीस का कुणाची?”

“तुम्हाला कुणी काही म्हणत नाही का?” मी विचारलं.

“म्हणतेत की! एष्टीत एकदा कंडक्टरनं मला पुरुषाच्या सीटवर बसवलं. मी बसले. खिडकी होती.”

त्यांच्या नवऱ्यानं त्यांना लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी आणून सोडलं होतं. हे सांगतानासुद्धा त्या हसत होत्या. “त्याला मेल्याला दाढी धड यायची न्हाई. इथं चार, तिथं दोन. जळायचा माझ्यावर!” मी हसले आणि मग मला एकदम रडू आलं. बाईंनी पाठीवर एक धपाटा घातला. “आता ह्यात रडायसारखं काय हाय? मी त्याचं रेझर घेऊन आले ना येताना!”

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. ‘भोंदू बाबाची फजिती’ असं नाटुकलं बसवलं होतं. तागाची लांबलचक दाढी मुलींनी रंगवून कुंपणावर वाळत घातली आणि गावातल्या एका शेळीनं ती खाल्ली. सगळीच्या सगळी. दोरीसुद्धा. बाबाचं काम करणारी पोर रडायला लागली. बाई म्हणाल्या, “गप. बाबा मी होते. दहा दिवस करत न्हाई, बघू काय पीक येतं ते.”

पीक बरं आलं. दहाव्या दिवशी बाई पूर्ण बाबा दिसत नव्हत्या, पण बाबाच्या धाकट्या भावाचं काम भागलं असतं. उरलेलं मी काजळानं भरलं. रंगभूषा विभाग माझ्याकडे होता. या सगळ्या धावपळीत मला तीन दिवस चिमटा हातात धरायला फुरसत मिळाली नाही. मास्क होताच, म्हणून मी निर्धास्त होते.

आणि संमेलनाच्या दिवशी दुपारी लातूरचं स्थळ हजर! मुलगा, त्याची आई, त्याची मावशी. आपल्याकडे मुलीला न सांगता एकदा बाहेरून बघून जायची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. “इकडं सहजच आलो होतो,” मावशी म्हणाल्या. लातूरहून किनवटच्या जंगलात सहज कुणी येत नाही, तेही पैठणी नेसून. तिघं दुसऱ्या रांगेत बसले. मी पडद्यामागे उभी राहून मास्कची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करत होते.

नाटुकलं असं रंगलं की काय सांगू! बाईंनी दाढी कुरवाळत जो अंगारा वाटला, त्यानं गावातले म्हातारे बाप्ये खुर्चीवरून घसरले. पाहुण्या म्हणून आलेल्या शिक्षण खात्यातल्या अधिकारी मॅडम डोळे पुसत स्टेजवर आल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्कृष्ट रंगभूषेचं बक्षीस जाहीर केलं. मला! बाईंना माझ्या शेजारी उभं केलं आणि माईक माझ्यापुढे धरला.

“मॅडम, आम्हालाही सांगा. दाढी कशानं चिकटवली? आमच्या शाळांत नेहमी मध्येच सुटते.”

मी मास्कच्या आत काहीतरी पुटपुटले. माईक कुंईं करून ओरडला.

“मास्क काढा हो, ऐकू येत नाही!” मागून कुणीतरी म्हणालं.

मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मावशी मान उंचावून बघत होत्या. माझे हात मास्कपर्यंत गेले आणि तिथेच अडकले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि उभ्या जन्मात आपल्या दाढीबद्दल कधी लाजल्या नव्हत्या त्या बाईंनी माईक ओढून घेतला.

“डिंकानं, म्याडम! बाभळीचा डिंक. पोरीनं लई मेहनत करून चिकटवली. तिच्या घशाला त्रास हाय, तिला बोलायला लावू नका.”

आमच्या दीडशे मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दर रविवारी पुढे बसणाऱ्या त्या चिमुरड्यांच्या तोंडावरचा गोंधळ मला स्टेजवरून दिसत होता. अधिकारी मॅडम कौतुकानं म्हणाल्या, “बघू बघू,” आणि त्यांनी चिमटीत धरून ओढली.

“अगं आई गंऽऽ!” बाई बोंबलल्या. माईक चालूच होता. शेळ्यासुद्धा दचकल्या असतील.

मला ते सहन झालं नाही. माझ्यासाठी बाईंनी खोटं बोलावं, तेही ह्या गोष्टीबद्दल, तेही ह्या मुलींपुढे? मी मास्क काढला. माईक घेतला. आवाज कसा निघाला ते मला ठाऊक नाही, पण निघाला.

“मॅडम, डिंक नाही. दाढी त्यांची स्वतःची आहे. मी फक्त काजळ लावलं. आणि मलाही येते. ही बघा.”

मग चौथीतली एक पोर जोरात ओरडली, “मास्क मॅडमलापण हाय!” आणि मुलींनी टाळ्या, शिट्ट्या, ताटल्या, जे हाताला लागेल ते वाजवायला सुरुवात केली. अधिकारी मॅडम गडबडून म्हणाल्या, “वा, वा… फारच नैसर्गिक.” बक्षिसाचा स्टीलचा डबा त्यांनी बाईंच्या हातात दिला आणि बाईंनी तो माझ्या.

लातूरकर चहा न घेता गेले. चार दिवसांनी निरोप आला, गुण जुळत नाहीत. आम्ही बौद्ध, तेही बौद्ध. पत्रिका आमच्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही. गुण कुठून काढले, बाबा आजही विचार करतात.

मी रडले. खूप रडले. बाईंनी मनसोक्त रडू दिलं आणि मग म्हणाल्या, “झालं? सोमवारी नांदेडला जायचंय. डॉक्टरीण बघून ठिवलीय.” तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासण्या केल्या, सांगितलं की हा पीसीओडी, हार्मोनचा घोळ, बऱ्याच मुलींना असतो. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं. केस एकदम जाणार नाहीत, पण वस्तरा लावल्यानं ते जाड होतात ही समजूत खोटी आहे, हेही सांगितलं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “म्हंजे माझं काही चुकलं न्हाई?” “काहीच नाही.” “अन् मलाबी हाच आजार व्हता?” “बहुतेक हाच.” परतीच्या गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, “नाव असतंय व्हय ह्याला! तवा कुणी सांगितलं असतं तर…” मी त्यांचा हात धरला.

पुढच्या स्थळाला मी फोनवरच सगळं सांगून टाकलं. तो मुरुडचा, बँकेत नोकरीला. म्हणाला, “माझ्या डोक्यावर काहीच राहिलं नाही. दोघांची सरासरी काढली तर चांगली येईल.” गणिताच्या शिक्षिकेला याहून गोड काय बोलणार? लग्नात बाई गुळगुळीत दाढी करून, पावडर लावून आल्या होत्या.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि लातूरला भाचीकडे राहायला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला की मावशीला झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाही. त्यानंतर महिन्याभरात बाई गेल्या. पण त्याआधी मी एकदा त्यांना भेटले, आणि मला आठवतात त्या तिथल्याच.

बायकांचा मोठा वॉर्ड. भाचीनं लाजून बाईंच्या नाकापर्यंत चादर ओढून ठेवली होती. मी ती खाली केली. दोन आठवड्यांची पांढरी दाढी. मला पाहून बाईंचे डोळे भरले आणि चांगला हात हनुवटीकडे गेला. मी खाली जाऊन साबण, ब्रश, रेझर घेऊन आले. भाची घाईघाईनं पडदा ओढायला लागली. मी म्हटलं, “राहू दे, ताई.” आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या, त्यांना भेटायला आलेल्या बायका जवळ सरकल्या. मी सगळ्यांदेखत फेस केला, एक गाल केला, दुसरा केला, ओठावरून हळूच रेझर फिरवलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हटलं, “झालं, बाई.”

बाईंनी मान हलवली. नाही. मग डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं आणि रेझर हनुवटीच्या खाली नेऊन टेकवलं. तिथे दोन केस राहिले होते.