रविवारचे श्रोते

उज्जैनच्या आमच्या कॉलेजात रविवारी सकाळच्या मराठी वाचनाला उशिरा येणाऱ्याला बसायला जागा मिळत नसे. त्याच कॉलेजात सोमवारी मराठीच्या तासाला आम्ही चौघे असायचो. दोन्ही गोष्टी कित्येक वर्षं शेजारीशेजारी चालल्या होत्या आणि त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं.

वाचन मराठीचे प्राध्यापक करत. ते त्यांनी संस्थानी राजवटीत सुरू केलं. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तरी ते चालू राहिलं. कॉलेजचा हॉल त्या सकाळी गावाला खुला असे. पुढे सतरंज्या, मागे बाकं, उजवीकडे बायका. दरबारी चाकरीच्या निमित्ताने पिढ्यांपूर्वी आलेली घराणी, रेल्वे आणि बँकेच्या नोकरीसाठी अलीकडे आलेली कुटुंबं, शाळामास्तर, पेन्शनर, सगळे येत. पुष्कळ बायकांना देवळाखेरीज जाण्यासारखी एवढी एकच जागा होती. वाचन संपल्यावर आम्ही विद्यार्थी व्हरांड्यात बसून ज्याला हवा त्याला अर्ज लिहून देत असू.

मराठी न येणारेही येत. त्यांच्यासाठी सर दर दोनचार पानांनी थांबत आणि तेवढा भाग हिंदीत सांगत. त्यांचं हिंदी धड नव्हतं, पण मागच्या बाकांना ते पुरत होतं. फ्रीगंज पेठेत घड्याळाच्या टॉवरजवळ एका माळवी शिंप्याचं दुकान होतं. कॉलेजच्या नाटकाचे कपडे तो शिवायचा. एकदा कपडे पोचवायला म्हणून आला, वाचन ऐकायला बसला आणि त्यानंतर त्याने रविवार चुकवला नाही.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला गेली. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. कुणाची बदली कुठे होते, जुन्या संस्थानी नोकरांतलं कोण जादा ठरतं, हीच बोलणी घराघरात चालली होती. पूर्वी बदली म्हणजे फार तर ग्वाल्हेर. आता राज्य रीव्यापासून बस्तरपर्यंत पसरलं होतं.

पुढच्या जुलैत कॉलेज उघडलं आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. वरून कळवलं होतं, की मराठी घेणारे निदान सहा विद्यार्थी महिनाअखेर भरले नाहीत तर विषय बंद होईल आणि प्राध्यापकांची सेवा सरकार हवी तिथे वापरील. सरांची पत्नी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धं अंग गेलेलं. तिला उठवणं-बसवणं सर आणि तिची थोरली बहीण करत. गाडीचा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बदलीचा अर्थ प्राचार्यांना माहीत होता, सरांना माहीत होता आणि दोन दिवसांत गावालाही समजला.

आम्ही चौघे म्हणजे मी, रेल्वेतल्या एका गार्डाच्या दोन मुली आणि वसतिगृहात राहणारा देवासचा एक मुलगा. दोन विद्यार्थी कमी पडत होते.

त्या रविवारी सर एक कादंबरी वाचत होते. पुरात गाव वाहून गेलेलं, एकटी वाचलेली सून, आणि सासरची माणसं कुठे गेली ते शोधत तिचं गावोगाव हिंडणं, अशी ती गोष्ट. वाचन थांबवून त्यांनी पुस्तक मिटलं, बोट खुणेला आत ठेवलं आणि सहा विद्यार्थ्यांची अट सांगितली. आवाज चढवला नाही. घरचं काही बोलले नाहीत.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पहिल्या रांगेतले, जुन्या दरबारी घराण्यातले, बँकेचे एक अधिकारी उभे राहिले. वाचनाची सगळी व्यवस्था तेच बघत. ते म्हणाले, "दोनच ना? लाजिरवाणी गोष्ट आहे. माझा मुलगा इंटर पास झालाय. त्याचं नाव धरा, पक्कं." टाळ्या पडल्या. मग गणपतीत कॉलेजच्या हॉलमध्ये नाटक करणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांनी आपल्या पुतण्याचं नाव सांगितलं. पुन्हा टाळ्या.

मागच्या बाकावरून शिंपी म्हणाला, "साहब, मेरे लड़के को भी लिख लो. मॅट्रिक में तीन बार बैठा है. बैठने में तो पक्का है."

हशा पिकला. सरही हसले. त्या महिन्यात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

घरी मी वडिलांना विचारलं, की धाकट्या भावालाही मराठी घ्यायला लावता का. तो नुकताच मॅट्रिक होऊन कॉलेजात येणार होता. वडील जेवत होते. "घरातून एक दिला," ते म्हणाले, "पुरे." मग पोळी मोडत म्हणाले, "तू राहा. तुला काढत नाही मी."

चिटणिसांच्या पुतण्याने त्याच आठवड्यात फॉर्म भरला. बँकवाल्यांच्या मुलाचा फॉर्म येईना. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा सर मला म्हणाले, "तुला त्यांचं घर माहीत आहे ना? चल जरा."

आम्ही संध्याकाळी गेलो. बँकवाले अंगणातच भेटले. "या, या, प्रोफेसरसाहेब! अहो, ऐकलं का, कोण आलंय बघा! चहा टाका." खुर्च्या मांडल्या गेल्या, चिवडा आला. वहिनींची तब्येत कशी आहे, याची चौकशी झाली. मुलाची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"मुलगा कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"शिकवणीला गेलाय," आतून त्याच्या आईने उत्तर दिलं.

सरांनी सायकलीकडे एकदा पाहिलं. बँकवाल्यांनी त्यांना पाहताना पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"खरं सांगू का सर, मी त्या रविवारी भावनेच्या भरात बोललो. घरी येऊन विचार केला. त्याला अर्थशास्त्र घेतलंय. फॉर्म कालच दिला."

सरांनी हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उद्या हा भोपाळला मुलाखतीला जाईल. समोरचा माणूस याचा विषय वाचणार आणि विचारणार, दक्षिणी हो क्या? आमच्या सात पिढ्या इथे गेल्या. मला परवा ऑफिसात एक कालचा पोरगा म्हणतो, आप लोग अब अपने मुलुक जाओगे? कुठला मुलुक, सांगा ना! तो प्रश्न माझ्या मुलाला कुणी विचारू नये, एवढंच."

"समजतं मला," सर म्हणाले.

"आणि मराठी काय, घरात बोलतोच की आम्ही. घरात बोलायला कॉलेज कशाला लागतं?"

"मग रविवारी का येता?"

बँकवाल्यांना प्रश्न खरोखरच कळला नसावा. ते म्हणाले, "रविवारी? रविवारचं वेगळं हो. रविवारी सुट्टी असते."

निघताना मुलाच्या आईने सरांच्या हातात डबा दिला. वहिनींसाठी रव्याचे लाडू होते. सरांनी घेतला. रस्त्यात त्यांनी मला अभ्यासाचं विचारलं, आणखी काही नाही. कोपऱ्यावर डबा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हिला लाडू चावत नाहीत. तुमच्याकडे खा."

मुदत संपली तेव्हा आम्ही पाच होतो. प्राचार्यांनी वर पत्र लिहून एका विद्यार्थ्याची सवलत मागितली. ती मिळाली नाही. ऑगस्टमध्ये विषय बंद झाला. आम्हा पाचांना दुसरे विषय वाटून दिले गेले. मला राज्यशास्त्र मिळालं. सरांना हुकूम आला तो रीव्याच्या पलीकडच्या एका लहान गावातल्या कॉलेजचा. तिथेही मराठी नव्हती. त्यांना ग्रंथालय सांभाळायचं होतं. पत्नीला बहिणीच्या भरवशावर ठेवून ते एकटे जाणार हे ठरलं.

मग गावाने त्यांचा सत्कार केला. व्यवस्था बँकवाल्यांनीच पाहिली, आणि ती चोख होती. हॉलमध्ये इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. खिडक्यांबाहेर लोक उभे होते. शाल, श्रीफळ, हार झाले. चिटणीस बोलले, दोन पेन्शनर बोलले. शेवटी बँकवाले बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, की सर गेले तर या गावातली मराठी पोरकी होईल. ते खोटं बोलत नव्हते. उजवीकडे बायका डोळे पुसत होत्या. माझे वडीलही होते. त्यांच्या शेजारी धाकटा भाऊ बसला होता. त्याने इंटरला हिंदी घेतलं होतं.

सर उत्तराला उभे राहिले. त्यांनी आभार मानले नाहीत, तक्रारही केली नाही. टेबलावरची कादंबरी उघडली आणि मागच्या रविवारच्या खुणेपासून वाचायला लागले. लोक आधी चपापले, मग नेहमीसारखे ऐकू लागले. दोनचार पानांनी ते थांबले आणि तेवढा भाग मागच्या बाकांना हिंदीत सांगितला. सून शेवटच्या गावात पोचते. कुणीतरी घर दाखवतं. दार बंद असतं. ती कडी वाजवते.

इथे सरांनी पुस्तक मिटलं. "पुढचं पुस्तकात आहे," ते म्हणाले. "पुस्तक इथल्याच ग्रंथालयात ठेवून जातोय."

शाल घडी करून त्यांनी काखेत घेतली आणि ते पायऱ्या उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.

त्यानंतरचे काही रविवार लोक सवयीने कॉलेजपर्यंत आले. हॉलला कुलूप असे. फाटकापाशी थोडा वेळ बोलत उभे राहत आणि परत जात. दिवाळीपर्यंत तेही संपलं. गणपतीतलं नाटक पुढच्या वर्षी एका धर्मशाळेच्या अंगणात झालं, त्याच्या पुढच्या वर्षी झालं नाही. मी ती कादंबरी ग्रंथालयातून घेतली आणि वाचून परत केली.

थंडीत एकदा टॉवरकडून जात होतो. शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली.

"भैया, एक बात बताओ. वो बहू ने कुंडी खटखटाई थी. दरवाजा खुला कि नहीं?"

गावात हे मला विचारणारा तो एकटाच निघाला.

"खुला," मी म्हटलं. "पर अंदर दूसरे लोग रहते थे."

"और उसके घरवाले?"

"वे नहीं मिले."

सुईतला दोरा तुटला होता. तो ओवून घेत त्याने विचारलं, "और प्रोफेसर साहब की बाई जी? कैसी हैं अब?"

त्यांना वारून त्या दिवशी आठवडा झाला होता. सरांना तार गेली होती. रीव्याकडून इकडे यायला तीन गाड्या बदलाव्या लागत. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्याला ते सांगितलं.

शिंप्याने दोरा खाली ठेवला. "शाल तो मैं पहचान गया था, फिर भी सोचा पूछ लूँ," तो म्हणाला. "पिछले हफ्ते अर्थी इधर से निकली, तब मैं दुकान के बाहर ही खड़ा था. उन पर वही जलसे वाली ओढ़ाई थी."