कावळ्यासमोर दिलेला शब्द

आमची मंडळी भरे गावाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये भरते. ख्रिस्ती लोक आपल्या उपासनेच्या समाजाला मंडळी म्हणतात. आमच्यातले बरेचसे पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला, आणि काही कुटुंबं डोंगरातल्या वाड्यांवरून मिळेल त्या वाहनानं येणारी. शेजारचं वर्कशॉप रविवारी बंद असतं, त्यामुळे प्रवचन स्वच्छ ऐकू येतं. दर रविवारी तो फायदाच होतो असं मी म्हणणार नाही.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, माझ्याहून बरेच तरुण. माणूस कष्टाळू, आजाऱ्याला भेटायला भर उन्हात डोंगर चढून जाणारा. पण एकदा मारुंजीच्या बाजूला कुठल्याशा चकचकीत मंडळीत जाऊन आले आणि आमच्या सतरंज्या गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आले. मी रान उठवलं. देवाच्या घरात जमिनीवर बसण्यातली नम्रता वगैरे बरंच बोललो, पंचांच्या बैठकीत आवाज चढवला, चार लोकांना माझ्या बाजूला ओढलं. पुढाऱ्यांचं ऐकावं, ही शिकवण मलाही लहानपणापासून पाठ आहे. त्या दिवसांत ती सोयीनं विसरलो. खुर्च्या आल्याच. माझ्या गुडघ्यांना त्या मानवल्या, हे मी घरीसुद्धा बोललो नाही.

वरच्या वाडीतली एक बाई आमच्यात बरीच वर्षं येते. शेतावर रोजानं जाते, पावसाळ्यात रानभाजी विकते. ती विश्वासात आली, म्हणजे ख्रिस्ती झाली; तिचा भाऊ आला नाही. तो भाऊ यंदा वारला. मागे बायको आणि दोन लहान मुली. बायको आधीपासूनच अंथरुणाला खिळलेली, म्हणजे मुलींचं करणारं कोणी उरलं नाही.

दहाव्याला ती नदीवर गेली. सख्खा भाऊ, जाणारच. पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय याचा अंदाज घेत एकेक जण पुढे होऊन बोलतो. तिच्याकडेही सगळे बघायला लागले. ती हात जोडून म्हणाली, "पोरींची काळजी करू नगं, दादा. म्या सांभाळीन त्यास्नी." कावळा आला. आमच्यातलंच कोणीतरी तिथे होतं, आणि पाळकांपर्यंत ही बातमी कावळ्याहून लवकर पोचली.

पाळक म्हणाले, हा मेलेल्याशी संवाद आहे, मूर्तिपूजेसारखंच पाप आहे. तिनं मंडळीसमोर उभं राहून पश्चात्ताप करावा आणि ते शब्द मागे घ्यावेत, तोवर तिला प्रभुभोजन मिळणार नाही. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. बाहेरच्याला ते एवढंसं वाटेल. आमच्यात त्यातून वगळणं म्हणजे घरच्या माणसाला पंगतीतून उठवणं.

तिनं भांडण केलं नाही. उपासना संपल्यावर खुर्च्या रचता रचता मला म्हणाली, "पश्चात्ताप करीन की, साहेब. देवाचं सोडून कायबी केलं असंल तर करीन. पन सबूद मागं कसा घेऊ? माझ्या वैनीला बाजंवर घालून तितं आनलं हुतं. तिच्या तोंडाकडं बघूनच बोलले मी. त्यो मागं घेतला तर पोरींनी कुटं जायाचं?"

मंडळीत यावर चकार शब्द निघाला नाही. खुर्च्यांवरून घसा बसेपर्यंत ओरडलेले आम्ही सगळे मूग गिळून बसलो. मला त्या शांततेचा राग आला, आणि गप्प बसलेल्यांत मीही होतो म्हणून जरा जास्तच आला.

मग मी पाळकांच्या घरी गेलो. एकटाच. मंडळीतल्या कुणा भावाचं चुकलं तर आधी एकांतात त्याला सांगावं, ही आमची रीत. ती मी खुर्च्यांच्या वेळी पाळली नव्हती. प्रभुभोजनाचं ताट रांगांतून फिरवण्याचं काम माझ्याकडे असतं. मी म्हणालो, "पाळकसाहेब, तिला वगळून ते ताट माझ्याच्यानं पुढं जायचं नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा."

ते चिडले नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाले, "काका, खुर्च्यांच्या वेळीही तुम्ही असंच बोलला होता."

चहा संपवून मी घरी आलो.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट घ्यायला दुसरं कोणीही पुढे झालं नाही. कोणी ठरवलं होतं असं मला वाटत नाही. ज्याची त्याची नजर आपापल्या चपलांवर होती. शेवटी पाळकांनी स्वतःच ताट उचललं. ती मागच्या रांगेत बसली होती, दोन्ही बाजूंना भावाच्या मुली. केसांना भरपूर तेल, घट्ट वेण्या. वाडीवरून एवढ्या लांब त्यांना ती घेऊन आली होती.

पाळक रांगा उरकत तिच्यापर्यंत आले. तिनं हात पुढे केला नाही, मानही वर केली नाही. धाकट्या मुलीला मात्र कोणी काही सांगितलेलं नसावं. तिनं सरळ ताटाकडे हात नेला. बाईनं तो हळूच खाली ओढला आणि म्हणाली, "आपली बारी न्हाई अजून."

पाळक तिथेच उभे राहिले. एवढे दिवस ते त्या शब्दाविषयी बोलत होते, पण ज्यांच्यासाठी तो दिला त्या मुली त्यांनी पाहिल्या नव्हत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला त्या माणसाची दया आली, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांनी ताट तिच्यासमोर धरलं. "घ्या, ताई."

तिनं आता मान वर केली. "आदी सांगा, पाळकसाहेब. पोरींना दिल्याला सबूद पाप हाय का?"

हळूच विचारलं, तरी अख्ख्या शेडला ऐकू गेलं.

"नाही," पाळक म्हणाले. "माझं चुकलं."

तेव्हा तिनं हात पुढे केला. भाकरीचा तुकडा घेतला, आणि आमच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांनी एकदम खायचा म्हणून, तो न खाता तळहातावर धरून ठेवला. पाळक परत पुढे जाऊन उभे राहीपर्यंत धाकटी त्या तुकड्याकडे बघत होती.