परवाचा चटका

अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, तो हीटर मीच बेगम बाजारातून आणला. डिसेंबरात पुण्याहून माहेरी गेले तेव्हा ते दोन-दोन मोजे चढवून बसलेले दिसले. "पाय गार पडतात गं," म्हणाले. हैदराबादेत हीटर मागणारं गिऱ्हाईक विरळाच. दुकानदाराने मिक्सरच्या खोक्यांमागून दोन नळ्यांचा एक हीटर ओढून काढला आणि फडक्याने पुसून दिला. आई म्हणाली, "आपण काय सिमल्याला राहतो का?" पण मी ऐकते कुणाचं! खुर्चीसमोर हीटर लावून दिला आणि फार मोठं काम केल्याच्या थाटात पुण्याला परतले.

अण्णांना कित्येक वर्षं साखरेचा आजार. पाय गार का पडतात हे डॉक्टरांना विचारायचं सोडून मी दुकान गाठलं होतं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुझ्या हीटरची ऊब काही लागत नाही बघ."

मी ऑफिसच्या गडबडीत होते. "मग जवळ ओढून घ्या ना अण्णा! तेवढ्या लांबून कशी लागेल?"

"हौ," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढे एकदा आईने फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं, "अण्णांच्या पायाला परवा जरासा चटका बसला. मलम लावलंय. त्यांना दुखतबी नाही, तू फिकर करू नको."

परवा म्हणजे दोन दिवस झाले, असं मी धरलं. चार दिवसांत भरून येईल म्हणून सुटीही टाकली नाही. खरं तर आमच्या घरातला 'परवा' मला ठाऊक असायला हवा होता. शेजारपाजारच्या दखनी बोलीतलं 'परसों' आमच्या मराठीत कधीच शिरलं आहे आणि त्याला काही हद्दच नाही. मागच्या महिन्यात झालं ते परवा, अण्णांना नोकरी लागली तीही परवा. "तुमच्याकडे निजामसुद्धा परवाच गेला असेल," असं नवरा मला चिडवतो आणि मीही हसते. पण पुण्यात राहून माझेच कान बदलले होते. त्यातून दुखत नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

आठवड्याभराने जोडून सुटी आली तेव्हा मी माहेरी गेले. आईने पट्टी सोडली तर करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं. चटका बसून महिना होत आला होता.

"परवा म्हणालीस ना गं!" मी ओरडलेच.

"मग परवाच की," आई गोंधळून म्हणाली. तिला रडू फुटलं. मला माझीच लाज वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांच्या तळव्याला सुई टोचली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, पापणीही हलली नाही. या पायांना आता गरम-गार काही कळत नाही, डॉक्टर म्हणाले. समोरची नळी लाल झाली तरी यांना पाय गारच वाटणार. दोन बोटं काढावी लागतील, आणखी उशीर केला तर पाऊल जाईल. मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतना नजदीक रखने कौन बोले?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं.

"कोई नहीं बोले साब," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मैंच खींच लिया."

बोटं गेली, पाऊल वाचलं. अण्णा आता काठी घेऊन चालतात. आई मात्र अजून त्यांना बोलते, "हीटर अंगावर ओढून घेताना अक्कल कुठं गेली होती तुमची?" ते मुकाट ऐकून घेतात. मी तिथेच बसलेली असते, आणि आजवर मी तोंड उघडलेलं नाही.